मोहिनीसाठी एकतीस सूचना

१४ जून, शनिवार

यादी लागली. मोहिनीचं नाव चौथ्या पानावर, बाविसाव्या ओळीत. पुणे, बी.एस्सी., सांख्यिकी. अकरा वाजता लागणारी यादी साडेतीनला उघडली, तोवर मोबाईलवरचं ते गोल फिरणारं चक्र पाहून माझंच डोकं फिरायला लागलं होतं. अकरा जुलैपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं, नाहीतर जागा रद्द. लाल अक्षरात लिहिलंय.

माझी बायको रुपा सेवाग्रामच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते. तिला फोन केला तर म्हणते, "बरं झालं. आता ठेवा, रांग हाये." मुलगी पुण्याला निघाली आणि बाईला रांगेची पडली आहे.

कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. पानोपानी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात आहे, पण कागद चांगला. मोहिनीला पुण्याला जाण्याआधी काय काय माहीत असायला हवं ते हिच्यात टिपून ठेवतो आणि शेवटी सुवाच्य अक्षरात उतरवून तिला देतो. या घरात कॉलेज पाहिलेला माणूस मी एकटाच. १९९८ साली मी स्वतः पुण्यात बी.ए.ला होतो. वडिलांची, बापूजींची, तब्येत बिघडली म्हणून मधूनच परत यावं लागलं, नाहीतर आज सिंदीच्या शाळेत कनिष्ठ लिपिक म्हणून दाखले फाडत बसलो नसतो. असो.

१५ जून, रविवार

सकाळी बसून नऊ सूचना काढल्या. काही अशा:

मूळ कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही, दाखवायचा आणि लगेच परत घ्यायचा. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स. पत्त्यात नुसतं 'सिंदी' लिहायचं नाही, 'सिंदी (रेल्वे)' लिहायचं, नाहीतर पत्र वर्ध्याच्या सिंदी मेघेला जाऊन बसतं. पहिल्या बाकावर बसायचं नाही, शेवटच्याही नाही, तिसरा बरा. सरांशी कामापुरतं बोलायचं. कोणाला घरी बोलवायचं नाही.

मोहिनीनं वाचलं आणि विचारलं, "घरी काऊन नाई बोलवाचं?"

"कारण असतं," मी म्हणालो.

"कोणतं?"

हिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. सांख्यिकीत हा गुण असेल, घरात हा ताप आहे.

१८ जून, बुधवार

आज मुख्य गोष्ट लक्षात आली आणि धक्काच बसला. मोहिनी आणि माझी माय ओट्यावर तुरी निवडत बसल्या होत्या. माय म्हणत होती, "तुले सांगतो पोरी, तिकडं थंडी राह्यते, मायी गोधडी नेजो." आणि आमची ब्याण्णव टक्केवाली म्हणते, "मले कायले गोधडी? हॉस्टेलात ब्लँकेट देतेत म्हंते."

मले, कायले, म्हंते. ही पोरगी पुण्यात तोंड उघडणार आणि पहिल्याच वाक्याला वर्ग तिच्याकडे वळणार. गणितात शंभरपैकी शंभर आणून उपयोग काय? गुणपत्रिका काही गळ्यात अडकवून फिरता येत नाही.

सूचना क्रमांक १० मोठ्या अक्षरात लिहिली: शुद्ध बोलणे. आजपासून घरात 'ले' बंद. 'मला', 'तुला', 'कशाला', 'का'. 'करून राह्यली' बंद, 'करते आहे'. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत प्रत्येक चुकीला एक काडी मारायची. दहा काड्या झाल्या की तो शब्द शंभर वेळा लिहायचा.

"आन् तुमी बोलले तं?" मोहिनीनं विचारलं.

मी कॅलेंडरवर पहिली काडी मारली.

२२ जून, रविवार

सव्वीस काड्या. एका दिवसात. कॅलेंडरवर चतुर्थी कुठं आहे तेसुद्धा दिसेना.

मूळ कारण माय आहे. मोहिनी दिवसभर तिच्याजवळ, आणि माय म्हणजे वच्छलाबाई, पंचाहत्तर वर्षांत एक अक्षर बदललं नाही. तिला बदलण्यात अर्थ नाही. म्हणून मोहिनीला सांगितलं की जाईपर्यंत आजीशी गप्पा कमी कर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. सांगतो ते तिच्याच भल्यासाठी, पण घरात कोणी तोंडावर तसं म्हणेल तर शपथ.

रात्रीच्या जेवणात रुपा म्हणाली, "माह्या खिडकीवर रोज दोन-तीनशे लोकं येतेत. कोणी हिंदीत सांगते, कोणी गोंडीत, कोणी नुसतं पोट दाबून दाखवते. आमी लिहून घेतो. कोणाची बिमारी भाषेनं वाढली नाई."

"दवाखाना आणि विद्यापीठ यात फरक असतो," मी म्हणालो.

"हो, दवाखान्यात लोकं बोलतेत," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली. बोलण्यात हिच्याशी कोणी जिंकलंय का?

२७ जून, शुक्रवार

शाळा सुरू होऊन चार दिवस झाले, दाखल्यांचा ढीग लागलाय. पालक येतात आणि माझ्या टेबलाशी उभे राहतात: "बाबू, पोराले कोठं टाकू?" मी सगळ्यांना नीट समजावतो. या गावात ॲडमिशनचं मला कळतं तेवढं कोणाला कळत नाही हे काही मी स्वतःहून म्हणत नाही, लोक म्हणतात.

घरची प्रगती चांगली. काल फक्त तीन काड्या, आज एकही नाही. मोहिनी आता विचारलं तेवढंच उत्तर देते: हो, नाही, ठीक आहे. तिन्ही शुद्ध. मायसुद्धा ओट्यावर एकटीच बसते, माळ ओढते, मधे बोलत नाही. इतकी शांतता या घरात मी पहिल्यांदा अनुभवतोय. परिणाम दिसू लागलाय.

सूचना चोवीसपर्यंत पोचल्या.

१ जुलै, मंगळवार

आमचा शिपाई कवडू. वीस वर्षांची सोबत, म्हणून तोंडाला येईल ते बोलतो. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "बाबू, मोहिनी काल दुकानात भेटली. म्या इचारलं, कवा जाऊन राह्यली? तं नुसती मान हालवली. लेकराची तब्येत बरी हाये ना?"

मी त्याला काड्यांची पद्धत समजावून सांगितली. वाटलं होतं कौतुक करील.

तो म्हणाला, "माह्या घरी तं मराठीच पाहुणी हाये, बाबू. आमी घरात गोंडी बोलतो. शाळेत गेलो तवा गुरुजीनं 'बस' म्हणलं का मी उभा राहो आन् 'उभा राहा' म्हणलं का बसो. मायले वाटलं पोरगं बह्यताड हाये, येडंच हाये."

"मग?"

"मंग काई नाई. गुरुजीले कोणीतरी सांगतलं का याले समजत नाई. मंग त्यानं हातानं दाखवलं."

आता याचा इथे काय संबंध? कवडूला काहीही सांगितलं की तो आपलीच गोष्ट घेऊन बसतो. चहासुद्धा पाणचट होता.

३ जुलै, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

साडेपाचला पुण्याहून हॉस्टेलच्या रेक्टर बाईंचा फोन आला. जागा कमी आहेत, म्हणून प्रत्येक मुलीशी स्वतः बोलून यादी नक्की करत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकून मोहिनीच्या हातात दिला आणि समोर पाटी घेऊन बसलो. ऐन वेळी अडायला नको म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरात 'मला' लिहिलं होतं.

बाईंनी विचारलं, "मोहिनी, तुला हॉस्टेल हवंय ना?"

सरळ प्रश्न. उत्तर एका शब्दाचं. मोहिनी पाटीकडे पाहत राहिली. मी बोट आपटून आपटून शब्द दाखवला. तिचे ओठ हलले, आवाज नाही.

"हॅलो? ऐकू येतंय का? गाव कोणतं तुझं?"

मी पाटी पुसून घाईघाईनं 'सिंदी (रेल्वे)' लिहू लागलो. खडू मोडला.

"बरं, वाटलं तर उद्या-परवा कर फोन. तोपर्यंत नाव प्रतीक्षा यादीत ठेवते." फोन बंद.

सोळा दिवस मी घसा फोडला, आणि ऐन वेळी हातावर तुरी! "एक शब्द आला नाही तुला? एक?" मी ओरडलो. ती रडली नाही, उलट बोलली नाही. पाटी माझ्या हातातून घेतली, कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली.

सूचना ३१: फोनवर घाबरू नये. लिहिली, पण आता काय उपयोग.

४ जुलै, शुक्रवार

मोहिनी सकाळी म्हणाली, "मी पुण्याला जाणार नाही. वर्ध्याला बी.एस्सी. आहे. अजून जागा आहेत."

वाक्य अगदी शुद्ध होतं. एकसुद्धा चूक नाही.

५ जुलै, शनिवार

काल दिवसभर ओरडलो, आज आवाज बसलाय. सहा दिवस उरलेत, त्यातला एक प्रवासाचा. वर्ध्याचं कॉलेज वाईट नाही, पण तिथं सांख्यिकी नाही आणि हिला दहावीपासून सांख्यिकीच करायची होती. शेतकऱ्यांचे पावसाचे आकडे जुन्या वह्यांतून उतरवून आलेख काढणारी मुलगी ही. कोणी सांगितलं नव्हतं तिला. आता म्हणते, नको.

रुपानं समजावून पाहिलं. तिला मोहिनी म्हणाली म्हणे, "बाबा म्हणतात तसं मला येईपर्यंत मी तिथं गेले तर सगळे हसतील. आणि येणारच नाही ते मला." आता यात माझा काय दोष? हसू नयेत म्हणूनच तर शिकवत होतो.

दुपारी मायजवळ बसलो. म्हटलं, माय, तू तरी सांग तिला. मी तिला बोलू नको म्हटलं होतं हे मी विसरलो होतो, ती विसरली नव्हती. माळ बाजूला ठेवून म्हणाली, "मी काय सांगू? मायी भाषा चालत नाई."

"माय, चेष्टा नको. पोरीचं आयुष्य आहे."

"तुह्यं बी होतं." मग पुन्हा माळ हातात घेतली. "तुह्यासारखंच होऊन राह्यलं तिचं. तू बी असाच मुका होऊन आलता. दोन महिने कोणाशी बोलला नाई."

"मी बापूजी आजारी होते म्हणून आलो होतो."

"बापूजी?" माय माझ्याकडे पाहत राहिली. "बापूजी तवा वावरात डवरा हाकून राह्यले होते, धनू. तू पेटी घेऊन आला तं तेच बैलं सोडून धावत आले. तेयले वाटलं तूच आजारी हायेस. मंग तूच लोकाईले सांगत गेला, आन् ते बिचारे आयुष्यभर हो म्हणत राह्यले."

अंगाचा तिळपापड झाला. मी उठून आलो. सत्तावीस वर्षांत तिनं हे कधी काढलं नव्हतं आणि आज काढायची काय गरज होती? आणि मोहिनी दारातच उभी होती.

६ जुलै, रविवार

१९९८ च्या जून महिन्यात मी

लिहिवत नाही.

७ जुलै, सोमवार

उत्पन्नाचा दाखला घ्यायला तालुक्याला जायचं होतं. पुणे होवो न होवो, शिष्यवृत्तीला तो कुठंही लागतो, म्हणून मोहिनीला बरोबर नेलं. पहिल्याच एस.टी.नं निघाल्यामुळे कचेरी उघडायच्या तासभर आधी पोचलो. बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथं बसलो. पिशवीतून रुपानं दिलेली पोळी-भाजी काढली. ती खात होती, मी फाईल मांडीवर घेऊन नुसताच बसलो होतो.

तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही पुण्यात किती दिवस होतात?"

शुद्ध विचारलं. मला त्या शुद्धपणाचा राग आला. माझाच होता तो, तरी आला.

"एकोणीस," मी म्हणालो.

"वर्षभर नाही?"

"एकोणीस दिवस."

मग सांगून टाकलं. जे रुपालाही कधी सांगितलं नव्हतं ते कचेरीच्या बाहेर बाकावर, पोळीच्या डब्याला सांगितल्यासारखं.

इतिहासाचे एक सर होते. चांगले होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझं अक्षर पाहून वही सगळ्या वर्गाला दाखवली. गाव विचारलं. वर्धा जिल्हा म्हटल्यावर म्हणाले की सेवाग्रामचा आश्रम एकदा पाहायचा आहे, अजून योग आला नाही. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. रात्रभर ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात उभा राहिलो. आमच्याकडे मोठ्या माणसाला मानानं बोलवायचं तर काय म्हणतात? म्हणालो, "सर, सेवाग्रामले आले का आमच्या घरी येजा."

सर थांबले. "काय म्हणालास?"

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणालो, "येजा सर! नक्की येजा!"

अख्खा वर्ग हसला. सरांचा चेहरा लाल झाला. "ये? जा? मी तुझ्या बरोबरीचा आहे का रे, मला ये-जा करायला? बाहेर हो."

मी बाहेर झालो. हॉस्टेलमध्ये बातमी माझ्या आधी पोचली होती. येजा आला रे, येजा जेवला का, येजाला पाणी द्या. वाईट मुलं नव्हती ती, पण थांबेनात. मी आधी वर्गात बोलणं बंद केलं, मग मेसमध्ये, मग खोलीत. अभ्यासिका कुठं आहे ते विचारायला तोंड उघडावं लागेल म्हणून तीन दिवस तिकडे गेलो नाही. एकोणिसाव्या दिवशी पेटी उचलली.

सांगून झालं. मोहिनीकडे पाहिलं तर ती हसत होती! पदर तोंडाला लावतात तशी ओढणी लावून, खांदे हलवत. माझं डोकंच फिरलं. "हसतेस? तूसुद्धा?"

"तुमाले नाई हसून राह्यली, बाबा," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, हसण्याचं की कसलं कोण जाणे. "येवढ्या मोठ्यानं म्हणलं तुमी? दोनदा?" मग तिनं ओढणीनं डोळे पुसले. म्हणाली, "मंग तुमी सरले सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगायचं?"

"येजा म्हणजे काय ते. का आमच्याकडं त्याचा अर्थ 'अवश्य या' असा होते. मानानं म्हणतेत. तेयले समजलं नाई येवढंच ना? सांगतलं असतं तं समजलं असतं."

सत्तावीस वर्षं मी त्या वर्गात रोज उभा राहिलोय. कधी सरांना खडसावलंय, कधी पोरांना, आणि जास्त वेळा तर स्वतःचीच जीभ ठेचलीय. पण 'सर, याचा अर्थ असा आहे' हे वाक्य एकदाही सुचलं नाही.

"सांगता येते हे मले माहीतच नोतं," मी म्हणालो.

कचेरी उघडली. दाखला तयार होता, पाच मिनिटांत मिळाला. एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि सिंदी येईपर्यंत बडबडत होती. काय बडबडली ते नीट ऐकलंही नाही मी.

घरी आल्यावर एकतीस सूचना पुन्हा वाचल्या. झेरॉक्स आहे, कुलूप आहे, बाक कितवा ते आहे. समजलं नाही तर विचारावं, समोरच्याला समजलं नाही तर सांगावं, हे कुठंच नाही. स्वतःचा इतका राग आला की पानंच फाडली. त्यांच्या मागे मे महिन्यातल्या कपाशीच्या कामांची माहिती छापलेली होती, तीही गेली.

८ जुलै, मंगळवार

मोहिनीनं रेक्टर बाईंना स्वतः फोन केला. मला अंगणात थांबायचीही परवानगी नव्हती. "तुमी आत बसा, आन् पाटी घेऊ नका," असा हुकूम. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो, तेवढं चालतं.

तिचाच आवाज ऐकू येत होता. "मॅडम, त्या दिवशी मी घाबरले होते... नाही, तब्येत ठीक आहे... वर्ध्याकडची. हो... मॅडम, मी बोलताना कधीकधी 'मले-तुले' येते. समजलं नाही तर विचारा, मी सांगीन." मग बराच वेळ काही नाही. मग ती खळखळून हसली. माझा जीव टांगणीला आणि ही हसतेय!

आत येऊन म्हणाली, "तीन जणींच्या खोलीत चौथी खाट टाकून देतेत. अकराले या म्हणलं."

"चौथी खाट? म्हणजे कपाट कितीजणींत? विचारलंस?"

"नाई."

"विचारायला नको?"

"थे तिकडं गेल्यावर इचारीन, बाबा. आता तोंड हाये ना मले."

चौथी खाट मला पटलेली नाही. पण जाणार म्हणाली. पुन्हा एकदा लिहितो, जाणार म्हणाली.

९ जुलै, बुधवार

भिंतीवरचं कॅलेंडर काढून टाकलं. माय लगेच, "काऊन काढलं? एकादशी कवा हाये ते कसं समजंन मले?" पुन्हा लावलं. काड्या तशाच आहेत. मायला म्हणालो की चूक झाली माझी. ती म्हणाली, "कॅलेंडर वाकडं लागलं हाये." एवढंच. पण संध्याकाळी ती आणि मोहिनी ओट्यावर बसून इतक्या बोलत होत्या की मला बातम्या ऐकू येईनात, आणि आवाज कमी करा म्हणायचीही सोय उरलेली नाही.

मोहिनीबरोबर रुपा जाणार असं पहिल्यापासून ठरलेलं. शाळेत कामं आहेत, मला निघता येणार नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. आज मोहिनी म्हणाली, "आई नको. बाबा, तुमी चला."

मी म्हटलं दाखले आहेत, तपासणी आहे, मुख्याध्यापक रजा देणार नाहीत. रुपा शांतपणे म्हणाली, "मी कालच तेयले इचारलं. देतो म्हणले."

या घरात माझ्या पाठीमागे काय काय चालतं याचा पत्ता लागत नाही. राग आला, पण मुद्दा राग येण्यासारखा नव्हता हे मलाही कळत होतं. खरं कारण लिहितो: पुण्याच्या स्टेशनवर उतरायची मला भीती वाटते. पंचेचाळिसाव्या वर्षी. लोक मुलींना सोडायला जातात आणि मला वाटतंय कोणीतरी मलाच सोडायला यावं.

१० जुलै, गुरुवार

गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय. स्टेशनवर कवडू आला होता, पोरीला राजगिऱ्याचे लाडू देऊन गेला. समोरच्या बाकावर अमरावतीचं एक कुटुंब आहे, त्यांच्याशी मोहिनीनं बडनेरा सुटायच्या आधीच सगळी ओळख काढली. मी खिडकीबाहेर पाहतोय. मूळ कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलोय, ती म्हणते खाली ठेवा, मी ठेवत नाही.

११ जुलै, शुक्रवार

कॉलेजच्या कचेरीत दोन तास रांग. माझं कॉलेज नाही हे, दुसरं आहे, तरी आत शिरताना फाटकाशी एकदा थांबलो. आजूबाजूचे पालक फाडफाड बोलत होते, इंग्रजीत, मराठीत, हिंदीत. मी घोटून घोटून एक वाक्य तयार ठेवलं होतं: मला प्रवेशाचा अर्ज हवा आहे. खिडकीशी पोचलो आणि तोंडातून आलं, "मले प्रवेशाचा अर्ज पायजे होता."

आतल्या बाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

कानशिलं तापली. मोहिनी शेजारी उभी होती, पण मधे पडली नाही. मला तिचा रागही आला आणि कळलंही.

"मला," मी म्हणालो. "आमच्याकडे मले म्हणतात. वर्ध्याकडे. प्रवेशाचा अर्ज पाहिजे होता."

"हा घ्या," बाई म्हणाल्या. "निळ्या पेननं भरा."

बस. एवढंच झालं. यासाठी मी... जाऊ दे.

भिंतीला टेकून अर्ज भरायला घेतला. अर्ज भरणं हे माझं रोजचं काम, झरझर भरत गेलो. तिसऱ्या पानावर पालकाच्या शिक्षणाचा रकाना आला. सेवापुस्तक सोडून मी आजवर सगळीकडे 'बी.ए. (प्रथम वर्ष)' असं लिहीत आलोय. मोहिनीच्या पहिलीच्या अर्जावरसुद्धा. हात तेच लिहायला निघाला होता. ती माझ्या खांद्यावरून पाहत होती.

मी 'बारावी' लिहिलं. आईच्या पुढेही 'बारावी'.

बाईंनी अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला, कागद एकेक उलटले, मूळ प्रती पाहून परत केल्या. तिसऱ्या पानावर थांबल्या. "आईवडील दोघेही बारावी. मोठं भावंड?"

"नाही."

"म्हणजे तुमच्या घरातून कॉलेजला येणारी ही पहिलीच?"

मोहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मागे रांग होती, कोणीतरी घाई करत होतं. एकोणीस दिवस मोजायचे की नाही ते आता माझ्यावर होतं, आणि तिनं ते माझ्यावरच सोडलं होतं.

"हो," मी म्हणालो. "हीच पहिली."

बाईंनी चौकटीत खूण केली आणि अर्ज मोहिनीकडे सरकवला. मोहिनीनं सही केली.